विश्लेषण : अगोस्टिनीच्या साम्राज्याला हादरा देणारा यार्नो सारिनेन कोण होता?

मोटारसायकल शर्यतींच्या जगात १९७० च्या सुमारास पहिला कोण येणार, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. इटलीचा जाकोमो अगोस्टिनी आणि त्याची एमव्ही अगुस्ता, हे उत्तर ठरलेले होते. ५०० सीसी गटात १९६६ ते १९७२ अशी सलग ७ जगज्जेतेपदे त्याने जिंकली. ३५० सीसीमध्ये १९६८ पासून सलग ७. अगोस्टिनी थोर होताच, पण १९६७ नंतर होंडाने अंग काढून घेतल्यावर त्याच्या गाडीच्या तोडीची गाडी कोणाकडे उरली नव्हती, हेही खरे. बाकीच्यांची चुरस असे ती दुसऱ्या क्रमांकासाठी. ही घडी विस्कटली ती फिनलंडच्या एका इंजिनीअरने.

बर्फावरून डांबरी ट्रॅकवर

यार्नो सारिनेनचा जन्म ११ डिसेंबर १९४५ रोजी फिनलंडमधील तुर्कू शहरात झाला. गोठलेल्या बर्फावरच्या शर्यतींत तो तयार झाला. तिथे मागचे चाक घसरणारच. ते घसरत असताना गाडी ताब्यात ठेवायची हीच कला. यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला सारिनेन आपल्या गाडीची कामे स्वतः करी. १९७० मध्ये तो जागतिक स्पर्धेत उतरला आणि अभ्यासासाठी शेवटच्या शर्यती सोडूनही २५० सीसी गटात चौथा आला.

वळणावर तो शरीर गाडीच्या आतल्या बाजूला झुकवून गुडघा बाहेर काढत असे. आज मोटोजीपी पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र बहुतेक रायडर गाडीला चिकटून बसत.

अगोस्टिनी हरू शकतो, हे कधी कळले?

१९७२ च्या मोसमाच्या सुरुवातीलाच. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर ३५० सीसी शर्यतीत सारिनेनने यामाहावरून अगोस्टिनीला समोरासमोर हरवले. पाठोपाठ फ्रान्समध्येही तोच जिंकला. एमव्हीने धावपळ करून नवी ४ सिलिंडरची गाडी आणली, फिल रीडला संघात घेतले आणि ३५० चे विजेतेपद कसेबसे राखले. २५० सीसीचा जगज्जेता मात्र सारिनेन झाला.

लढत दोन माणसांची होती, तशीच दोन प्रकारच्या इंजिनांचीही. एमव्हीचे इंजिन फोर-स्ट्रोक, यामाहाचे टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला इंधनाचा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे हलक्या, साध्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. मात्र ते सीझ होण्याचा धोकाही मोठा. आपल्याकडे १९८३ पासून निघालेली राजदूत ३५० ज्यांनी चालवली आहे, त्यांना हा स्वभाव ठाऊक असेल. ती यामाहाच्याच आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती होती.

१९७३ : अवघे काही आठवडे

मार्चमध्ये अमेरिकेतील डेटोना येथील २०० मैलांची शर्यत सारिनेनने ३५० सीसीच्या यामाहावर जिंकली, तीही दुप्पट क्षमतेच्या गाड्यांना मागे टाकून. ती जिंकणारा तो पहिला युरोपीय. एप्रिलमध्ये इटलीत इमोलाची २०० मैलांची शर्यतही त्याचीच. मग यामाहाने त्याच्या हाती ४ सिलिंडरची नवी ५०० सीसी टू-स्ट्रोक दिली. आता अगोस्टिनीच्या मुख्य गडावरच चाल होती. फ्रान्समध्ये सारिनेन जिंकला. अगोस्टिनी पाठलाग करताना पडला. ऑस्ट्रियातही सारिनेनच पहिला. जर्मनीत साखळी तुटली म्हणून तो थांबला. याच तिन्ही ठिकाणी २५० सीसीच्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या.

मोन्झात काय घडले?

२० मे १९७३. इटलीतील मोन्झा, २५० सीसीची शर्यत, पहिलीच फेरी. कुर्वा ग्रांदे या वेगवान वळणावर इटलीचा रेन्झो पासोलिनी पडला. त्याच्या मागोमाग असलेल्या सारिनेनला वाट काढायला जागाच मिळाली नाही. मागचे रायडर एकावर एक आदळले. पासोलिनी आणि सारिनेन जागीच गेले. सारिनेन २७ वर्षांचा होता.

कारणावरून वाद झाला. आधीच्या ३५० सीसी शर्यतीत एका गाडीतून तेल गळत होते आणि ट्रॅक साफ न करताच पुढची शर्यत सुरू केली, असा एक आरोप. पासोलिनीच्या गाडीचे इंजिन सीझ झाले, हे दुसरे स्पष्टीकरण. पण लोखंडी कठडे ट्रॅकला अगदी लागून होते, पडलेल्या माणसाला आणि गाडीला बाहेर घरंगळत जायला जागा नव्हती, याबद्दल वाद नाही. रायडरांची या कठड्यांविषयीची तक्रारही नवी नव्हती. त्याच उन्हाळ्यात मोन्झातच आणखी ३ रायडर दगावले. त्यानंतर मोटारसायकलची ग्रां प्री तिथे परतली ती १९८१ मध्ये.

मग ५०० सीसीचे काय?

यामाहाने त्या मोसमातून आपला संघ मागे घेतला. ५०० सीसीचा मुकुट रीडकडे गेला, म्हणजे एमव्हीकडेच राहिला. अगोस्टिनीने पुढच्या वर्षी एमव्ही सोडली आणि तो यामाहाच्या संघात गेला. १९७५ मध्ये त्याने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर ५०० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. त्या गटात टू-स्ट्रोक गाडीचे ते पहिले आणि अगोस्टिनीचे पंधरावे व शेवटचे जगज्जेतेपद होते.