स्थलांतरितांची आई : संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी

अंतिम न्यायाविषयी बोलताना प्रभू येशूने भुकेले, तान्हेले, आजारी आणि बंदिवान यांच्याबरोबर परक्या माणसाचाही उल्लेख केला आहे. भुकेल्याला घासभर अन्न देणे आपल्याला जमते, आजाऱ्याला भेटायलाही आपण जातो. परक्याला मात्र आपल्यात सामावून घेणे जड जाते. हे जड काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या संत मदर कॅब्रिनी यांची आज आपण ओळख करून घेऊ या. अमेरिकेतील ख्रिस्तसभा दरवर्षी १३ नोव्हेंबरला त्यांचा सण साजरा करते.

मारिया फ्रान्सिस्का कॅब्रिनी यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी इटलीच्या लोंबार्डी प्रांतातील सांत आंजेलो लोदिजानो या गावी एका मोठ्या शेतकरी कुटुंबात झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेली ही मुलगी फार नाजूक होती. सुटीत ती धर्मगुरू असलेल्या मामांकडे जाई. तिथल्या कालव्यात कागदाच्या होड्या करून त्यांत ती जांभळी रानफुले ठेवी. ही फुले म्हणजे चीनला निघालेले मिशनरी, असा तिचा खेळ असे. एकदा ती त्याच पाण्यात पडली आणि पाण्याची भीती तिच्या मनात कायमची बसली. पुढे याच मुलीने वीसहून अधिक वेळा महासागर ओलांडला!

१८६८ मध्ये त्या शिक्षिका झाल्या. दोन वर्षांनी आईवडील दोघेही निवर्तले. धर्मभगिनी व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केला, पण प्रकृती तोळामासा, म्हणून नकार मिळाला. १८७४ मध्ये कोदोन्यो येथील एका अनाथालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८७७ मध्ये त्यांनी व्रते घेतली आणि आपल्या नावात झेवियर हे नाव जोडले. ज्यांचे पवित्र अवशेष आपल्या जुन्या गोव्यात आहेत, तेच हे संत फ्रान्सिस झेवियर. १५५२ मध्ये चीनच्या दाराशी असताना त्यांचे निधन झाले होते. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे न्यावे, हे मदर कॅब्रिनींचे स्वप्न होते. १८८० मध्ये त्यांनी सात जणींसह येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ स्थापन केला.

परंतु देवाची योजना निराळी होती. त्या काळी दक्षिण इटलीतील दारिद्र्याला कंटाळून लाखो लोक अमेरिकेची वाट धरत होते. पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांना या लोकांची फार चिंता होती. त्यांनी मदर कॅब्रिनींना अमेरिकेत येण्याची गळ घातली. शेवटी पोप लिओ तेरावे यांनीच त्यांना पूर्वेला न जाता पश्चिमेला जाण्यास सांगितले. चीनचे स्वप्न त्यांनी देवाच्या चरणी ठेवले आणि सहा भगिनींसह ३१ मार्च १८८९ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

तिथे त्यांच्या स्वागताला काहीच तयार नव्हते. पहिली रात्र त्यांनी एका गलिच्छ भाड्याच्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप कॉरिगन यांना भेटल्या, तर त्यांनी इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला. अनाथालयाची योजना फिसकटली होती आणि भगिनींना ठेवायला जागाही नव्हती. मदर कॅब्रिनींनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले की पोप महोदयांनी आम्हांला पाठवले आहे, आम्ही इथेच राहणार. काही आठवड्यांतच अनाथालय सुरू झाले. भगिनी दारोदार फिरून मुलांसाठी अन्नवस्त्र गोळा करू लागल्या.

इटालियन लोकांना अमेरिका परके मानत होती, यात नवल नाही. ते गरीब होते, त्यांना इंग्रजी येत नव्हते, मिळेल त्या मजुरीवर ते राबत होते. दुःखाची गोष्ट अशी की कॅथोलिक बांधवही त्यांना दूर ठेवत होते. त्या वेळी न्यूयॉर्कमधील ख्रिस्तसभेत आयरिश वंशाच्या लोकांचे प्राबल्य होते. या आयरिश लोकांनी स्वतः किती सोसले होते! १८४४ मध्ये फिलाडेल्फियात परदेशी आणि कॅथोलिक म्हणून त्यांची घरे जाळली गेली, दोन चर्च आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. तरीही पुढच्या पिढीत कित्येक चर्चमध्ये इटालियन लोकांना वरच्या मुख्य मंदिरात जागा नव्हती. त्यांची मिस्सा तळघरात होई. एकच प्रभू, एकच भाकर, पण मजले दोन!

नवागतांनी आपली भाषा लवकर सोडून अमेरिकन व्हावे, असे काही धर्मगुरूंचे मत होते. भाषा तुटली की श्रद्धाही तुटेल, असे इतरांना वाटे. मदर कॅब्रिनींनी या वादावर भाषणे केली नाहीत. त्यांच्या शाळांत मुले इटालियनही शिकत आणि इंग्रजीही. घराशी नाते टिकावे आणि नव्या देशात मान ताठ ठेवून जगता यावे, दोन्ही त्यांना हवे होते. इंग्रजी न येणाऱ्या इटालियन रुग्णांचे दवाखान्यात फार हाल होत, म्हणून १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हॉस्पिटल सुरू केले. त्याला कोलंबसचे नाव दिले, कारण ते नाव इटालियन लोकांना आपले वाटे आणि अमेरिकनांनाही.

द्वेष किती भयंकर रूप घेतो, हे न्यू ऑर्लिन्स शहराने दाखवले. १८९० मध्ये तिथल्या पोलीस प्रमुखाचा खून झाला आणि संशय इटालियन लोकांवर आला. खटल्यात न्यायालयाने कोणालाही दोषी ठरवले नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, जमावाने तुरुंगात घुसून अकरा जणांना ठार मारले. त्यांतील काहींवर खटलाही चालला नव्हता. या हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. शहराच्या वतीने महापौरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये, तब्बल १२८ वर्षांनी.

अशा शहरात मदर कॅब्रिनी १८९२ मध्ये गेल्या. भेदरलेल्या इटालियन वस्तीत त्यांनी घर घेतले आणि अनाथालय, शाळा व प्रार्थनामंदिर उभे केले. १९०५ मध्ये तिथे पीतज्वराची साथ आली तेव्हा भगिनी घरोघरी सेवेला धावल्या. ज्यांच्याकडे शहर संशयाने पाहत होते, त्यांच्या दारात त्या बिनधास्त उभ्या राहिल्या.

कोलोरॅडोच्या खाणींत त्या आणि त्यांच्या भगिनी भूगर्भात उतरून खाणकामगारांना भेटत. तुरुंगातल्या कैद्यांनाही त्यांनी सोडले नाही. शिकागो, डेन्व्हर, सिअ‍ॅटल, तसेच दक्षिण अमेरिका आणि युरोप मिळून त्यांनी ६७ संस्था उभ्या केल्या. १९०९ मध्ये सिअ‍ॅटल येथे त्यांनी स्वतः अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोतील आपल्याच हॉस्पिटलात त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्या मुलांसाठी नाताळचा खाऊ तयार करण्यात मग्न होत्या.

त्याच १९१७ साली वाचता न येणाऱ्या प्रौढ स्थलांतरितांना रोखणारा कायदा अमेरिकेने केला. १९२४ च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्यांची संख्या फारच कमी केली. नंतर त्याच अमेरिकेची पहिली नागरिक संत ठरली ती ही इटालियन भगिनी! १९३८ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ७ जुलै १९४६ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. १९५० मध्ये त्या स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत झाल्या.

देशात कोणी यावे, किती यावे, याचे कायदे सरकार करते आणि त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण जो आपल्या शेजारी येऊन राहिला आहे, त्याला आपण चर्चमध्ये कुठे बसवतो, हे ठरवायला कायदा लागत नाही. आपल्या धर्मग्रामातही कामधंद्यासाठी दूरवरून आलेली कुटुंबे असतात. त्यांची भाषा वेगळी, गाणी वेगळी. मिस्सा संपली की ती गुपचूप निघून जातात. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्यांच्या घरी कोणी आजारी असेल तर आपल्याला कळते का? आपण एखाद्या कुटुंबाला या नाताळात घरी जेवायला बोलावू शकतो का?

तळघर बांधायला विटा लागत नाहीत, आपले दुर्लक्ष पुरेसे होते. संत मदर कॅब्रिनी, आमच्यासाठी आणि घरापासून दूर असलेल्या सर्वांसाठी विनंती करा.