संतशिरोमणी श्रीनामदेव महाराज

भीमाशंकरी उगम पावलेली भीमा पंढरपुरी चंद्रकोरीसारखे वळण घेते व चंद्रभागा म्हणविते. त्या चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तनाचा रंग भरणारे श्रीनामदेव महाराज हे आपल्या शिंपी ज्ञातीचे भूषण होत.

महाराजांचा जन्म शके ११९२ (इ. स. १२७०) मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई. घरी शिंपीकाम, पण चित्त बालपणापासून विठ्ठलचरणी जडलेले. देव पंढरीतच आहे, अशी त्यांची तेव्हा दृढ समजूत होती. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेचा आग्रह केला तेव्हा विठ्ठलाच्या वियोगाने ते व्याकुळ झाले, असे परंपरा सांगते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांस कच्चे मडके ठरविले. औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांनी देवाचे सर्वव्यापित्व दाखविले, तेव्हा ते मडके पक्के झाले.

शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर भागवतधर्माची पताका महाराजांनी उत्तरेस नेली. पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आदराने समाविष्ट आहेत.

मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गतप्राण झाले. ज्यांस देवळाचे दार बंद होते, त्या चोखोबांच्या अस्थी महाराजांनी स्वतः पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली. स्वतःसाठी मात्र त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली. संतांची पायधूळ मस्तकी लागावी, एवढीच इच्छा. शके १२७२ (इ. स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस ते तेथे समाधिस्थ झाले.

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील आपली अनेक कुटुंबे आषाढी-कार्तिकीस चंद्रभागेचे स्नान करून त्या पायरीवर माथा टेकतात. ते योग्यच आहे. परंतु फाळणीनंतर उल्हासनगरी वसलेल्या सिंधी बांधवांच्या टिकाण्यांत ग्रंथसाहेबाचा पाठ होतो, त्यातही आपल्याच महाराजांची वाणी आहे, हे किती जणांस ठाऊक असेल? ज्यांनी चोखोबांस महाद्वारी आणले, त्यांस आपण केवळ ज्ञातीपुरते ठेवू नये. चंद्रभागेचे स्नान घडले, पण शेजाऱ्याविषयी दुजाभाव उरला, तर यात्रा अपुरीच राहिली असे समजावे. ती पूर्ण करण्याची सद्बुद्धी सर्व ज्ञातिबंधु-भगिनींस लाभो, हीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.