बेन-गुरियन यांचे एक पत्र

इस्राएलचे पहिले पंतप्रधान कै. दावीद बेन-गुरियन यांचा जन्म १८८६ साली आजच्या पोलंडमधील प्लोन्स्क गावी झाला. १९०६ साली ते पॅलेस्टाईनला आले, शेतमजुरी केली व पुढे कामगार चळवळीचे पुढारी बनले. तनाखचा त्यांचा व्यासंग दांडगा, पण मित्सवा पाळणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये पॉलाबाईंशी त्यांचे लग्न झाले तेही सरकारी कचेरीत, नोंदणी पद्धतीने. याच गृहस्थांच्या कारकिर्दीत इस्राएलमधील यहुदी लग्ने रब्बींच्या हाती गेली, हे नवल!

त्याचे मूळ एका पत्रात आहे. जून १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची समिती पॅलेस्टाईनला आली. तिच्यासमोर आपल्या लोकांत फूट दिसू नये, ही बेन-गुरियन यांची चिंता. नवे राज्य धर्म सोडील, ही अगुदात इस्राएल या कर्मठ पक्षाची भीती. तेव्हा १९ जून रोजी ज्यूईश एजन्सीतर्फे बेन-गुरियन व इतर दोघांच्या सहीने त्या पक्षाला पत्र गेले. शब्बाथला सुटी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशेर, धार्मिक शाळांना मोकळीक आणि लग्नाच्या बाबतीत समाज दुभंगणार नाही अशी तजवीज, एवढे त्यात मान्य केले होते.

राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्या पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत कधीच मिळाले नाही. धार्मिक पक्षांना बरोबर घेणे भाग पडे. १९५३ च्या कायद्याने देशातील यहुद्यांचे लग्न व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपविले गेले. एकजुटीची गरज खरी होती, पण माझ्या मते किंमत फार मोठी दिली, आणि तिचा मोठा वाटा नंतर अलिया करून आलेल्यांनी भरला.

आपल्या समाजाला ते सांगायला नको. १९६२ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने हुकूम काढला की, बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडील पिढ्यांची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. कोकणात शतकानुशतके शब्बाथ पाळलेल्या घराण्यांना हे सोसवेना. जून १९६३ मध्ये बेन-गुरियन यांनी राजीनामा दिला, तरी प्रश्न तसाच होता. यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरले, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये एश्कोल सरकारने क्नेसेथमध्ये जाहीर केले की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. त्यानंतर मंडळाने हुकुमातून आपल्या समाजाचे नाव वगळले. चौकशीचा नियम मात्र, ज्याच्याविषयी शंका येईल अशा कोणाहीसाठी, राहिलाच.

बेन-गुरियन १ डिसेंबर १९७३ रोजी वारले. नेगेवमधील स्दे बोकेर येथे पॉलाबाईंशेजारी त्यांची कबर आहे.