पीओ देल रिओ ओर्तेगा

पीओ देल रिओ ओर्तेगा (५ मे १८८२ – १ जून १९४५) हे स्पॅनिश ऊतिशास्त्रज्ञ होते. मेंदूतील मायक्रोग्लिया या पेशींचा शोध आणि मेंदूच्या गाठींचा सूक्ष्मदर्शी अभ्यास यांसाठी ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म वायादोलिद प्रांतातील पोर्तियो येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर माद्रिदमध्ये निकोलास आचुकारो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. चेतापेशींच्या आधारऊतीतील काही लहान पेशींचे प्रचलित रंजनपद्धतीत केवळ केंद्रक दिसे, फाटे दिसत नसत. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी या पेशींना तिसरा घटक म्हटले होते. ओर्तेगांनी अमोनियायुक्त सिल्व्हर कार्बोनेट वापरून ते फाटे दृश्यमान केले. बदल वरकरणी किरकोळ होता. पण त्यामुळेच तिसऱ्या घटकात मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेन्ड्रोग्लिया असे दोन वेगळे प्रकार असल्याचे स्पष्ट झाले. ऑलिगोडेन्ड्रोग्लियाविषयीचा निष्कर्ष काहाल यांना प्रारंभी पटला नाही. त्यापूर्वीच, १९२० मध्ये, व्यक्तिगत कटुतेमुळे ओर्तेगांना त्यांची प्रयोगशाळा सोडावी लागली होती.

याच रंजनाने गाठीतील पेशींचे आकार निरोगी पेशींशी ताडून पाहता येऊ लागले. इजा झालेल्या ऊतीत मायक्रोग्लिया फाटे आखडून गोल होतात व मृत पेशींचे अवशेष गिळतात, हेही त्यांनी दाखवले. ही तंत्रे शिकण्यासाठी वाइल्डर पेनफील्ड १९२४ मध्ये माद्रिदला आले.

१९३६ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ओर्तेगांनी देश सोडला. पॅरिस व ऑक्सफर्ड येथे त्यांनी मेंदूच्या गाठींवरील काम चालू ठेवले आणि १९४० मध्ये ते ब्युनोस आयर्सला गेले. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष १९८६ मध्ये वायादोलिदला आणण्यात आले.