विश्लेषण : अमेरिकेतील बेरोजगार विमा दाव्यांचा साप्ताहिक आकडा कुठून आला? फ्रान्सिस पर्किन्स कोण होत्या?

दर गुरुवारी भारतात संध्याकाळचे सहा वाजले (हिवाळ्यात सात) की अमेरिकेच्या कामगार खात्याकडून एक आकडा जाहीर होतो. आदल्या शनिवारी संपलेल्या आठवड्यात बेरोजगार विम्यासाठी किती जणांनी नव्याने अर्ज केला, याचा तो आकडा. अंदाजापेक्षा तो फार वेगळा निघाला, तर डॉलर, सोने आणि शेअर बाजार लगेच हलतात. ज्या कायद्यामुळे हा आकडा शक्य झाला, त्या कायद्यामागे अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री फ्रान्सिस पर्किन्स (१८८०-१९६५) यांचा सर्वांत मोठा वाटा होता.

हा आकडा नेमका काय सांगतो?

अमेरिकेत नोकरी गेलेली व्यक्ती आपल्या राज्याच्या कार्यालयात विम्यासाठी अर्ज करते. हा झाला प्राथमिक दावा. त्यानंतर दर आठवड्याला जे भत्ता मागत राहतात, त्यांची गणना सततच्या दाव्यांत होते. पहिल्या आकड्यावरून नोकरकपातीचा वेग कळतो, तर दुसऱ्यावरून नवी नोकरी मिळायला किती वेळ लागतो याचा अंदाज येतो. सणासुदीची हंगामी भरती, सुट्ट्या, वादळे यांमुळे एखाद्या आठवड्याचा आकडा फसवा असू शकतो. त्यामुळे जाणकार चार आठवड्यांची सरासरी पाहतात. मासिक बेरोजगारी दर पाहणीवर आधारलेला असतो. हा आकडा मात्र प्रत्यक्ष अर्जांची मोजणी असतो, म्हणून मंदीची चाहूल त्यात लवकर लागते.

पर्किन्स या क्षेत्राकडे कशा वळल्या?

बोस्टनमध्ये १० एप्रिल १८८० रोजी जन्मलेल्या पर्किन्स वूस्टर येथे सुस्थितीतील कुटुंबात वाढल्या. माउंट होल्योक महाविद्यालयातून १९०२ मध्ये त्यांनी पदार्थविज्ञान विषय घेऊन पदवी मिळवली. शिकागोजवळ शिक्षिकेची नोकरी करताना त्या हल हाउस या समाजसेवी संस्थेत जाऊ लागल्या. माणूस आळशी किंवा व्यसनी असल्यामुळे गरीब राहतो, ही लहानपणापासून ऐकलेली समजूत तेथील कामगार वस्त्यांत टिकली नाही. पुढे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली.

ट्रँगल कारखान्याच्या आगीने काय बदलले?

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. पर्किन्स त्या वेळी जवळच एका घरी चहाला आल्या होत्या. त्या धावत तेथे पोहोचल्या, तेव्हा वरच्या मजल्यांवरून मुली उड्या मारत होत्या. बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापलीकडे पोहोचत नव्हत्या. १४६ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतील तरुण मुली होत्या.

यानंतर नेमलेल्या राज्य चौकशी आयोगाच्या कामात पर्किन्स यांनी मोठा सहभाग घेतला. आमदारांना थेट कारखान्यांत नेऊन तेथील जिने, दरवाजे आणि यंत्रे दाखवायची, ही त्यांची पद्धत होती. या चौकशीतून न्यूयॉर्कमध्ये कामगार सुरक्षेचे अनेक कायदे झाले. पुढे गव्हर्नर अल स्मिथ यांनी त्यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतले. १९२९ मध्ये गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांच्याकडे राज्याच्या कामगार खात्याची सूत्रे सोपवली.

राष्ट्राध्यक्षांचा दावा त्यांनी का खोडून काढला?

महामंदीच्या सुरुवातीला, जानेवारी १९३० मध्ये, राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी रोजगार वाढू लागल्याचे जाहीर केले. पर्किन्स यांच्या हाती न्यूयॉर्कच्या कारखान्यांतील रोजगाराची आकडेवारी होती आणि ती नेमके उलट सांगत होती. त्यांनी गव्हर्नरांना आधी न विचारता पत्रकारांना बोलावून राष्ट्राध्यक्षांचा दावा चुकीचा असल्याचे सांगितले. रूझवेल्ट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. रोजगाराची खरी मोजणी नसेल, तर सरकारला संकट नाकारणे सोपे जाते, हे या प्रसंगातून उघड झाले. १९३१ मध्ये पर्किन्स ब्रिटनला जाऊन तेथील बेरोजगार विम्याचा अभ्यास करून आल्या.

मंत्रिपद स्वीकारताना कोणती अट घातली?

रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर त्यांनी पर्किन्स यांना कामगारमंत्रिपद देऊ केले. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्या कामांची यादी घेऊनच भेटीला गेल्या. बेरोजगार विमा, वृद्धांसाठी पेन्शन, किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीवर बंदी आणि आरोग्य विमा ही त्यातील प्रमुख कलमे होती. ही यादी मान्य नसेल तर पद नको, अशी त्यांची भूमिका होती. रूझवेल्ट यांनी होकार दिला. त्या वर्षी अमेरिकेत दर चार कामगारांपैकी जवळपास एक बेकार होता.

कायदा कसा आकाराला आला?

जून १९३४ मध्ये आर्थिक सुरक्षेविषयीच्या समितीचे अध्यक्षपद पर्किन्स यांच्याकडे आले. खरी अडचण राज्यघटनेची होती. केंद्राने थेट विमा योजना आणली, तर सर्वोच्च न्यायालय ती रद्द करील, अशी भीती होती. एका घरगुती चहापानात न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी कर आकारण्याच्या अधिकाराचा मार्ग सुचवला आणि वाट सापडली.

तोडगा असा निघाला. केंद्राने मालकांवर पगाराच्या प्रमाणात कर लावायचा. राज्याने स्वतःचा बेरोजगार विमा कायदा केला, तर मालकांना या करात ९० टक्क्यांपर्यंत सूट द्यायची. कायदा न करणाऱ्या राज्यातील मालकांचा पैसा मात्र वॉशिंग्टनला जाणार होता. विस्कॉन्सिनने १९३२ मध्येच असा कायदा केला होता. बाकीची राज्येही आता झपाट्याने पुढे आली.

समितीतील मतभेद मिटेनात, तेव्हा डिसेंबर १९३४ मध्ये पर्किन्स यांनी सदस्यांना घरी बोलावले, टेलिफोन बाजूला काढून ठेवला आणि निर्णय होईपर्यंत बैठक चालवली. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरोजगार विम्याची तरतूद पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वैध ठरवली. त्याच वर्षी सर्व राज्यांत असे कायदे झाले.

कोण बाहेर राहिले?

या यशाला मोठी मर्यादा होती. शेतमजूर आणि घरकामगार योजनेतून वगळले गेले. कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा हिस्सा याच कामांत असल्याने सर्वाधिक फटका त्यांना बसला. १९७६ च्या दुरुस्तीने यातील काही जण कक्षेत आले. आरोग्य विम्याचे कलम तर वैद्यकीय व्यवसायाच्या विरोधामुळे १९३५ मध्येच बाजूला पडले. पर्किन्स यांच्या यादीतील ते सर्वांत मोठे अपुरे राहिलेले काम.

वैयक्तिक किंमत किती मोजावी लागली?

१९१३ मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल विल्सन यांच्याशी लग्न केल्यावरही त्यांनी माहेरचे नाव कायम ठेवले. काही वर्षांतच पतीला गंभीर मानसिक आजार जडला. उपचारांचा आणि मुलीच्या शिक्षणाचा भार पर्किन्स यांच्या पगारावर आला. घरातील हे दुखणे त्यांनी वृत्तपत्रांपासून कसोशीने दूर ठेवले. मंत्री म्हणूनही वाट सोपी नव्हती. गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांना पुराव्याअभावी देशाबाहेर काढण्यास त्या तयार झाल्या नाहीत, म्हणून १९३९ मध्ये त्यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव आला. प्रतिनिधिगृहाच्या समितीला त्यात तथ्य आढळले नाही.

भारताशी काय धागा?

पर्किन्स कोलंबियातून बाहेर पडल्यावर तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे शिकायला गेले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांतील तीन वर्षे पर्किन्स अमेरिकेच्या कामगारमंत्री होत्या. भारतात आजही सर्वांसाठी बेरोजगार विमा नाही. राज्य कामगार विमा योजनेच्या सदस्यांसाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. पण असंघटित क्षेत्र विम्याच्या कक्षेबाहेर असल्याने नोकरकपातीचा असा साप्ताहिक हिशेब येथे मिळत नाही.

आज त्यांचे काम कुठे दिसते?

सलग १२ वर्षे मंत्रिपद सांभाळून पर्किन्स १९४५ मध्ये पायउतार झाल्या. नंतर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन केले. १४ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनमधील कामगार खात्याच्या मुख्यालयाला १९८० पासून त्यांचे नाव आहे.

त्यांनी उभारलेल्या यंत्रणेची सर्वांत कठीण परीक्षा २०२० मध्ये झाली. करोनापूर्वी आठवड्याला दोन लाखांच्या आसपास असलेले नवे दावे मार्चअखेरीस ६० लाखांवर गेले. त्याआधीचा उच्चांक १९८२ मधील सुमारे सात लाखांचा होता. राज्यांची संकेतस्थळे कोलमडली आणि लाखो लोक भत्त्याच्या प्रतीक्षेत राहिले. अॅपवर काम करणारे चालक आणि स्वयंरोजगार करणारे तर मूळ योजनेत बसतच नव्हते. त्यांच्यासाठी केलेली तात्पुरती सोय सप्टेंबर २०२१ मध्ये संपली. त्यामुळे गुरुवारचा आकडा कमी दिसला, तरी त्यात न मोजले गेलेले किती, हा प्रश्न उरतोच. १९३५ मध्ये तो शेतमजुरांपुढे होता, आज तो अॅपवरच्या कामगारांपुढे आहे.