हवेतलं खत : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

भुईमुगाचं रोप कधी मुळासकट उपटून पाहिलंय का? शेंगा तर दिसतीलच, पण मुळांवर मोहरीएवढ्या बारीक गाठीही दिसतील. एखादी गाठ नखाने फोडा. आतून ती गुलाबी असते. या गाठींची गंमत कळलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे.

मी मराठी शाळेत होतो तेव्हा आम्हाला हा माणूस वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकात भेटला. तुमच्यापैकी जे अमेरिकेत राहतात, त्यांना कदाचित तो शाळेत भेटला असेल. पीनट बटरचा शोध त्याने लावला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका!

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात झाला. आई गुलाम, म्हणून तोही गुलाम. तो तान्हा असताना एका टोळीने दोघांना पळवून नेलं. जॉर्ज परत मिळाला, आई कधीच सापडली नाही. मालक मोझेस कार्व्हर आणि त्यांची बायको सुझन यांनी त्याला वाढवलं. शाळेसाठी त्याने लहानपणीच घर सोडलं आणि लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण तो काळा आहे हे पाहिल्यावर दारातूनच परत पाठवलं. शेवटी आयोवामध्ये त्याने शेतीशास्त्राची पदवी घेतली.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हरना अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत बोलावलं. तिथली जमीन पार थकलेली होती. वर्षानुवर्षं एकच पीक, कापूस! जमिनीतला नायट्रोजन संपत आला होता.

नायट्रोजन कशाला लागतो? त्यातून रोप प्रोटीन बनवतं, पानांतलं हिरवं द्रव्य बनवतं. तो कमी पडला की रोप जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. खरं तर हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, पण रोपाला तो तसा घेता येत नाही. मुळं मुख्यतः पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि अमोनियम शोषतात.

इथे त्या गाठी कामाला येतात. चवळी, भुईमूग यांच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर देतं आणि ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून रोपाला देतात. फुकटचं खतच म्हणा ना!

कार्व्हरना हे माहीत होतं, पण शेतकऱ्यांना कसं पटवायचं? जमीन दुसऱ्याची, बियाणं उधारीचं, आणि दुकानदार उधारी द्यायचा ती कापसाच्या भरवशावर. विकतचं खत कुणाला परवडणार? कार्व्हरनी आधी शाळेच्या निकृष्ट तुकड्यावर चवळी लावून दाखवली, मग कापूस. पीक सुधारलं. रोपांचा पाला आणि मुळं जमिनीतच गाडायची, हेही महत्त्वाचं, कारण दाण्यांबरोबर बराच नायट्रोजन शेतातून निघून जातो.

पण इतक्या चवळीचं आणि शेंगदाण्यांचं करायचं काय? मला वाटतं, त्यांची खरी हुशारी इथे दिसते. त्यांनी खाण्याचे पदार्थ शोधले आणि सोप्या भाषेत पुस्तिका लिहिल्या. १९१६ च्या एका पुस्तिकेत शेंगदाणे खाण्याचे १०५ प्रकार आहेत. शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, म्हणून १९०६ पासून टस्कीगीची एक गाडी अवजारं, बियाणं घेऊन गावोगावी जायची. पुढे कापसाची बोंडं पोखरणारा भुंगा अलाबामात आला, पीक बुडालं आणि बरेच शेतकरी भुईमुगाकडे वळले.

जमीन मात्र अनेकांची दुसऱ्याचीच राहिली. ते कार्व्हरच्या हातात नव्हतं.

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर टस्कीगीतच वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती.