कुणीतरी साहेबाने बांधलेलं बोरीबंदर

माझे वडील बोरीबंदरच्या घुमटाखालच्या कचेरीत ३१ वर्षं कारकून होते. आठवीत असताना पगाराच्या दिवशी ते मला एकदा सोबत घेऊन गेले. एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या बाजूला कसलाच टेकू नसलेल्या त्या दगडी पायऱ्या चढताना मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. हे कोणी बांधलं, असं मी विचारलं. कुणीतरी साहेबाने, एवढंच त्यांना सांगता आलं. ते गेल्यावर कागदपत्रं आवरताना त्यांचं ओळखपत्र हाती लागलं आणि तो जुना प्रश्न पुन्हा मनात आला.

साहेबाचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. इंग्लंडमधल्या बाथ इथे १८४७ साली त्याचा जन्म झाला. जेमतेम विशीत, १८६७ मध्ये, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी मिळून तो हिंदुस्थानात आला. आधी पुणे, आणि वर्षभरात मुंबई. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या अमदानीत किल्ल्याचा तट पडला होता आणि मोकळ्या जागेवर इमारतींमागून इमारती उठत होत्या. होतकरू वास्तुकाराला याहून चांगला मुहूर्त तो कोणता? अपोलो बंदराजवळ खलाशांसाठी त्याने जे वसतिगृह बांधलं, त्यात पुढे विधिमंडळ भरत असे. नंतर तिथे पोलीस मुख्यालय आलं.

१६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहूनच, पण तेव्हाचं स्टेशन अगदी साधं होतं. पंचवीस वर्षांत जीआयपी कंपनीला ते पुरेनासं झालं. १८७७ च्या सुमारास काम स्टीव्हन्सकडे आलं. तो आधी युरोपात गेला, तिथली स्टेशनं डोळ्यांखालून घातली आणि मगच आराखडा पक्का केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची छाया आपल्या स्टेशनवर दिसते, असं जाणकार म्हणतात. दिसते खरी. पण सेंट पँक्रासवर मोर आणि माकडं कुठली असायला!

मला या इमारतीचं खरं मोठेपण तिथेच वाटतं. सांगाडा गॉथिक, पण दगडात कोरलेली पानं, पक्षी, जनावरं आपल्या मातीतली. ऊन आणि पाऊस सोसतील असे खोल व्हरांडे. नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता, आणि बांधकामावर साहाय्यक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते. दर्शनी भागात जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट यांचे मुखवटे आहेत. फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ. दोघांची उंची सारखी ठेवली, हे त्या काळच्या मानाने सौजन्यच म्हणायचं. घुमटाच्या टोकावर हाती मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती उभी आहे. तिकीटघराच्या निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत. पण गाडी गाठायची घाई असलेल्या माणसाने वर बघायचं कधी?

१८७८ ला सुरू झालेलं काम दहा वर्षं चाललं. खर्च सोळा लाखांवर गेला. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव स्टेशनला मिळालं. १९९६ मध्ये ते जाऊन छत्रपती शिवाजी टर्मिनस आलं आणि २०१७ मध्ये त्यात महाराज जोडलं गेलं. २००४ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारशात घेतलं.

स्टीव्हन्स मात्र थांबला नाही. समोरची महापालिकेची इमारत त्याचीच, १८९३ सालची. चर्चगेटची रेल्वे कचेरीही त्याचीच, १८९९ मध्ये पुरी झालेली. पुढच्याच वर्षी, मार्च १९०० मध्ये, मलेरियाने तो मुंबईतच गेला. वय अवघं बावन्न. त्याला शिवडीच्या दफनभूमीत पुरलं. तेहतीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला हा माणूस इथलाच होऊन राहिला.

त्याचा मुलगा चार्ल्सही वास्तुकार झाला. कुलाब्याचं रीगल थिएटर, १९३३ मध्ये उघडलेलं, त्याने बांधलं. लग्नानंतर वडिलांनी आईला पहिला सिनेमा दाखवला तो रीगललाच. म्हणजे बापाच्या इमारतीत नोकरी आणि मुलाच्या इमारतीत सिनेमा! ही गंमत त्यांना सांगायची राहूनच गेली.